ओढ्याचा नाला होताना

माझ्या नोकरीचं नाव ऐकलं की माणसं आधी जरा गप्प होतात आणि मग त्यांच्या गल्लीत कचऱ्याची गाडी वेळेवर येत नाही, ही तक्रार माझ्याकडेच करतात. ‘पर्यावरण शिक्षण समन्वयक’ असं माझ्या ओळखपत्रावर लिहिलेलं असायचं. खडकीला क्वार्टर्समध्ये राहायचो तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी आमच्या ह्यांना विचारलं होतं, “वहिनी कुठे असतात?” हे म्हणाले, “कचऱ्यात.” आमचे हे जन्माने पुणेकर. त्यामुळे ती चेष्टा होती की माहिती, हे मी अजून विचारलेलं नाही.

काम काय होतं ते सरळ सांगते. एक संस्था असते, तिला कुठून तरी निधी मिळतो. त्या निधीतून शहरातल्या आणि शहरात नव्याने ओढल्या गेलेल्या गावांतल्या लोकांना पाणी, कचरा, नदी, झाडं या बाबतींत ‘साक्षर’ करायचं ठरतं. म्हणजे मी जायचं. कापडी पिशवीत चित्रांचे तक्ते घालून जायचं, सतरंजीवर नाहीतर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर लोक बसवायचे, तक्ते दाखवायचे, प्रश्न विचारायचे, चहा-बिस्किटं द्यायची, फोटो काढायचा. फोटोत सगळे हसतात. तो फोटो अहवालात जातो आणि अहवाल निधी देणाऱ्यांकडे. या धंद्याचा पाया एका समजुतीवर उभा आहे: लोक चुकीचं वागतात, कारण त्यांना माहीत नसतं. सांगितलं की सुधारतील.

या समजुतीला माझ्यापुरता पहिला तडा खडकीतच गेला. आमच्या ब्लॉकमध्ये एक निवृत्त सुभेदार राहायचे. माझं बोलणं त्यांनी पाठीमागे हात बांधून, उभ्याने ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक दारात ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे डबे, तेही एका रेषेत. मला वाटलं, जमलं. पुढे सुभेदार मुलाकडे साताऱ्याला राहायला गेले आणि थोड्याच दिवसांत डब्यांत कपडे भिजायला लागले. लोक मला नाही, सुभेदारांना घाबरले होते.

दुसरा तडा वारज्याचा. तिथल्या एका बाई माझ्यासमोर कचरा इतका सुरेख वेगळा करायच्या की मी त्यांचा फोटो आमच्या पत्रकावर छापला. नंतर कळलं की खाली उतरताना लिफ्टमध्येच त्या दोन्ही डबे एका पिशवीत ओततात. मी विचारलं तर शांतपणे म्हणाल्या, “अहो, गाडीत पुढे एकत्रच होतो ना? मग खालपर्यंत दोन पिशव्या कशाला वागवायच्या?” त्या दिवसांत त्यांच्या गल्लीत तो खरंच एकत्र व्हायचा. मी चहा पिऊन परत आले.

पण हे सगळं हसण्यावारी नेता येतं. नेता येत नाही ती गोष्ट मांजरी गावातली.

मांजरीच्या बाजूला एक ओढा आहे. उतारावरून येतो आणि नदीला मिळतो. आम्हाला काम मिळालं ते त्या ओढ्याच्या काठच्या लोकांत ‘जलसाक्षरता’ वाढवायचं. काठावर तीन वेगवेगळी जगं होती. उताराच्या माथ्यावर उंच इमारतींची नवी सोसायटी. त्याच्या खाली गावातल्या शेतकऱ्यांचा ऊस आणि उसाच्या कडेने त्यांनीच बांधून भाड्याने दिलेल्या पत्र्याच्या खोल्या. अगदी खाली, नदीजवळ, बौद्ध वस्ती: एक विहार, दाटीने उभी घरं, आणि ओढ्याला लागून वस्तीची विहीर. नळाचं पाणी तेव्हा तिथवर पोचलेलं नव्हतं. विहिरीवर मोटर होती, मोटरीने पाणी टाकीत चढायचं आणि टाकीतून घराघरांत यायचं.

मी आधी वर गेले. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये एसी लावून बैठक झाली. अध्यक्ष होते आपटे. चिंचवडच्या कारखान्यांत इंजिनियर म्हणून सगळी नोकरी काढलेले, ताठ बसणारे, मोजकं बोलणारे. माझे तक्ते त्यांनी शेवटपर्यंत पाहिले आणि म्हणाले, “ताई, आपण आलात, आनंद वाटला. पण इथे बहुतेक सगळे पदवीधर आहेत. आमचा सांडपाणी शुद्ध करायचा स्वतःचा प्लँट आहे. शिकवायची गरज आहे ती खाली.”

‘खाली’ म्हणताना त्यांनी खिडकीकडे हातही केला नाही. मान जराशी हलवली, बस्.

मग गावात. मारुतीच्या देवळाच्या मंडपात माणसं जमली. पुढे बसलेले दत्तूतात्या बोलायला लागले. त्यांचा ऊस ओढ्याला लागून होता आणि भाड्याच्या खोल्याही त्यांच्याच. “बाई, लहानपणी आम्ही वड्यात डुंबायचो. आता पाय घातला तर खाज सुटती. वरच्यांनी समदी वाट लावली. आन खाली जाऊन बघा, प्लास्टिकचा डोंगर हाय नुसता. तिकडं सांगा तुमचं.”

शेवटी विहारात. बायका, म्हातारी माणसं, शाळकरी पोरं, सगळ्यांनी नीट ऐकलं. मी तक्ते गुंडाळत होते तेव्हा एक तिशीतली मुलगी जवळ आली. तिचं नाव संध्या. ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. वस्तीतल्या पहिल्या काही शिक्षकांपैकी एक.

“मॅडम, एक विचारू? पाण्याचं महत्त्व सांगायला तुम्ही आमच्याकडे आलात?”

“मी वरही सांगून आले. गावातही.”

“तसं नाही. पाण्याचं महत्त्व आमच्या आजोबांना गावाने चांगलं शिकवलं होतं.” तिचा आवाज चढलेला नव्हता. “ही वस्ती ओढ्याच्या खालच्या अंगालाच का आहे, ते तुमच्या तक्त्यावर कुठे आहे?”

तक्त्यावर ढग होता, डोंगर होता, समुद्र होता आणि त्यांना जोडणारे निळे बाण होते. ती म्हणत होती ते नव्हतं.

त्यानंतरचे काही महिने मी त्या उतारावर चढ-उतार करत काढले. प्रत्येक ठिकाणी माणसं ऐकायची, माना डोलवायची आणि बाकीच्या दोघांची नावं घ्यायची. वर म्हणायचे, गाववाले गुरं धुतात आणि शेतात औषधं मारतात. गावात म्हणायचे, वरच्यांची घाण. वस्तीत दोघांची नावं निघायची. सोसायटीतली माणसं त्या ओढ्याला ‘नाला’ म्हणायची, गावात ‘वडा’, वस्तीत ‘ओढा’. कागदोपत्री काय आहे ते मी कधी पाहिलं नाही. मला एवढंच कळत होतं की मी साक्षर करत नसून तक्रारी पोचवत होते. संध्याकाळी बस पकडून घरी यायचे तेव्हा पायांपेक्षा जीभ दुखायची.

मग वस्तीत कावीळ आली.

आधी दोन-तीन पोरांचे डोळे पिवळे झाले. मग मोठ्यांना ताप, उलट्या. आरोग्य खात्याची माणसं आली, विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेलं, गोळ्या वाटून गेली. बहुतेक जण अंथरुणाला खिळून हळूहळू उठले. पण ही पाण्यातून पसरणारी कावीळ गरोदर बाईला धोक्याची असते. संध्याची भावजय शीतल सातव्या महिन्यात होती.

ती वाचली. बाळ गेलं.

मी दवाखान्यात गेले तेव्हा संध्या वॉर्डच्या बाहेर बाकावर बसली होती, मांडीवर तपासायचे पेपर, हातात लाल पेन. तपासत नव्हती, नुसतं धरून बसली होती. मी शेजारी बसले. अशा वेळी काय बोलायचं याचं प्रशिक्षण आमच्या संस्थेने कधी दिलं नव्हतं.

तीच बोलली. “मुलगा होता. माझ्या आईने नाव पण ठरवलं होतं.” मग जराशाने, “मॅडम, पाण्याचा रिपोर्ट आला. विहिरीत मैलापाणी उतरतंय. ते वर्गात मुलांना मी समजावून सांगू शकते, अगदी सूत्रांसकट. पण ते कुठून उतरतंय, ते सांगायला मला विहिरीपासून वर चालत जायचंय. आणि सगळ्यांना बरोबर घेऊन जायचंय. त्या अध्यक्षांना, तात्यांना, आमच्या लोकांना. तुम्ही त्यांना आणा.”

“येतील का?”

“ते तुमचं काम. माझी अट एकच. त्या दिवशी तुम्ही काही समजावायचं नाही.”

तात्यांना तयार करणं सोपं गेलं. सोसायटीचं पितळ उघडं पडणार म्हटल्यावर ते चप्पल घालूनच उभे राहिले. आपट्यांकडे मात्र दोनदा जावं लागलं. पहिल्यांदा त्यांनी नकार दिला. दुसऱ्यांदा मी बाळाचं सांगितलं. तेव्हा ते “येतो,” म्हणाले. “आमच्याकडून काही जात नाही, हे एकदा सगळ्यांना कळू दे.” ते वाक्य त्यांनी नेहमीच्या ठामपणे म्हटलं नाही, असं मला वाटलं. की ते मला नंतर वाटायला लागलं, कोण जाणे.

रविवारी सकाळी आम्ही विहिरीपाशी जमलो. वस्तीतली दहा-बारा माणसं, गावातले चौघे-पाच, आणि वरून आपटे एकटेच. पायांत पांढरे बूट, नाकावर मास्क, हातात काठी. संध्याने कुणाचं स्वागत केलं नाही, भाषण केलं नाही. साडीचा पदर खोचला आणि ओढ्याच्या कडेने वर चालायला लागली. आम्ही मागे.

पहिली थांबली ती वस्तीच्याच मागे. पिशव्या, लहान पोरांचे डायपर, फुटक्या बादल्या, लग्नातल्या थर्माकोलच्या ताटल्या, सगळं काठावरून खाली घसरून पाण्यात गेलेलं. वस्तीतले एक काका पटकन म्हणाले, “हे वाहून येतं गं वरून.”

“काका, ताटल्या उतारावर चढून येत नाहीत,” संध्या म्हणाली. “हे आपलं आहे. आधी हे बघा.”

गावातला एक जण हसायला गेला, पण तात्यांनी त्याला कोपराने ढोसलं. त्याबद्दल मला तात्यांचं नेहमी कौतुक वाटत आलंय, कारण पुढची पाळी त्यांची होती.

उसाच्या बांधावरून पाच-सात मिनिटं चाललो. पत्र्याच्या खोल्यांची मागची बाजू आली. इमारतींच्या कामावरचे बिगारी, बिहारची, ओडिशाची पोरं तिथे भाड्याने राहायची. खोल्यांच्या टोकाला सामायिक संडास आणि त्यांच्या भिंतीतून निघालेला एक जाडजूड काळा पाइप थेट ओढ्यात सोडलेला. खाली टाकी वगैरे काही नाही. आम्ही उभे होतो तेवढ्यात आत कुणीतरी बादली ओतली आणि ते सगळं आमच्या समोर पाण्यात पडलं.

“तात्या, हा पाइप कुणाचा?”

“खोल्यांचा हाय.”

“खोल्या कुणाच्या?”

तात्या उसाकडे बघायला लागले. “तुला काय म्हाईत नाय का, पोरी?”

“मला माहीत आहे. तुम्ही सांगा.”

“माझ्या हायत.” मग त्यांचा आवाज एकदम चढला. “आरं पण वरून नदीसारखं येतंय, त्यात माझं किती? वाईच हाय माझं!”

वाईच. थोडंसं. माझ्या सगळ्या नोकरीत माणसांनी मला जी कारणं दिली त्यांतली निम्मी या एका शब्दात मावतात. एवढ्या कचऱ्यात माझी एक पिशवी. एवढ्या धुरात माझी एक गाडी. तात्यांना पाइपचं पाणी कुठे जातं ते ठाऊक होतं. पाणी उताराने जातं, हे शेतकऱ्याला शिकवायला संस्था लागत नाही.

संध्या त्यांच्याशी वाद घालत बसली नाही. “चला,” म्हणाली. “वरून किती येतंय ते पण बघू.”

वरची चढण आपट्यांना जड जात होती. वस्तीतल्या एका तरुणाने हात पुढे केला. त्यांनी आधी ‘नको’ म्हटलं आणि दोन पावलांनी धरला. सोसायटीच्या कुंपणाची भिंत आली. भिंतीला काटेरी तार, आतून बोगनवेल बाहेर झुकलेली. तिच्या खाली भिंतीच्या तळाशी सिमेंटचा गोल पाइप होता आणि त्यातून जोरात पाणी पडत होतं. करडं, फेसाळ. वास असा की मास्क असूनही आपट्यांनी रुमाल काढला.

इथे थोडं सांगायला हवं. मोठ्या इमारतींच्या तळघरात जो प्लँट असतो, त्यात घाण खाणारे सूक्ष्म जीव वाढवलेले असतात. ते जगायचे तर त्यांना सतत हवा लागते. ती हवा ब्लोअर नावाचं यंत्र पुरवतं आणि त्याला वीज बरीच लागते. ब्लोअर बंद केला की जीव मरतात आणि जे पाणी आत येतं तेच तसंच्या तसं बाहेर जातं. प्लँट मात्र जागच्या जागी असतो. पाहुण्यांना दाखवता येतो.

संध्या आपट्यांकडे वळली. “सर, हा वास कुणाचा आहे?”

आपटे रुमाल नाकाला लावून उभे होते. त्यांनी तो खाली घेतला. मला वाटलं, आता ते सुपरवायझरचं नाव घेतील, नाहीतर बिल्डरचं. गेली इतकी वर्षं मी त्या क्षणाच्या अलीकडे उभी राहिले आहे आणि तिथून माणसं कशी वळतात ते मला तोंडपाठ आहे.

“आमचा,” ते म्हणाले.

तात्यांना एवढा विजय एकदम झेपला नाही. ते “आँ?” एवढंच म्हणाले.

“ब्लोअर बंद असतो. वीजबिल फार येत होतं, कमिटीने ठरवलं काही तासच चालवायचा. मी इंजिनियर आहे. काही तास चालवून तो प्लँट चालत नाही, हे मला माहीत होतं. तरी सही मीच केली.”

पाणी धो-धो पडत राहिलं. मग माणसं एकेक करून उतरायला लागली. उतरताना गट राहिले नाहीत, अरुंद बांधावर राहणं शक्यही नव्हतं. ज्याच्या पुढे जो आला तो.

पुढच्या रविवारी आपटे विहारात आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मी तिथे होते म्हणून हे सांगू शकते. खुर्ची दिली तर नको म्हणाले, गुडघे धरत खाली बसले. दिलगिरीचं काहीतरी बोलायला लागले, तेवढ्यात संध्याच्या आई पुढे येऊन समोर बसल्या. त्यांची सून अजून माहेरी होती. आईंनी त्यांना मध्येच थांबवलं.

“साहेब, यंत्राचं मला काही कळत नाही. मला एक सांगा. ते बंद करताना, खाली कोण राहतं ते माहीत होतं का तुम्हाला?”



“नव्हतं,” ते म्हणाले. “मी कधी विचारलंच नाही.”

आई उठल्या आणि आत गेल्या. त्या रागाने गेल्या, की एवढंच ऐकायचं होतं म्हणून, ते मला तेव्हा कळलं नाही. नंतर विचारायचा धीर झाला नाही. पण मी त्या सतरंजीवर बसून हिशेब लावत होते की पाणी कसं शुद्ध होतं हे त्या माणसाला माझ्यापेक्षा शंभरपट जास्त कळत होतं. त्याला जे ठाऊक नव्हतं ते हजार-बाराशे पावलांवर राहत होतं, आणि ते सांगणारा एकही तक्ता मी आजवर रंगवून घेतलेला नव्हता.

यापुढची गोष्ट मला थोडक्यात उरकावीशी वाटते, कारण ती तशीच झाली, थोडीथोडी आणि कुणाचंच समाधान न करता.

आपट्यांनी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ब्लोअर पूर्णवेळ चालवायचा ठराव मांडला. मला त्यांनी ‘तज्ज्ञ’ म्हणून बोलावलं होतं, म्हणून तो तमाशा पाहिला. मेंटेनन्स वाढणार म्हटल्यावर मागच्या रांगेतला एक तरुण उठून म्हणाला, “अंकल, इमोशनल होऊ नका प्लीज. आपण ऑलरेडी टँकरचं बिल भरतोय. नाल्याची रिस्पॉन्सिबिलिटी कॉर्पोरेशनची आहे.” टाळ्या पडल्या. आपट्यांनी बाळाचं सांगितलं. त्यावर एक बाई म्हणाल्या, “फार वाईट झालं, पण त्याचा आपल्याशी संबंध आहे असं प्रूव्ह झालंय का?” ठराव पडला. पुढच्या निवडणुकीत आपटेही पडले.

संध्याने मग अर्ज केले. एका कचेरीत, दुसऱ्या कचेरीत, विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट जोडून, पाइपचे फोटो जोडून. कॉलेज सुटलं की ती थेट तिकडेच जायची. किती खेपा घातल्या ते तिलाच माहीत. शेवटी तपासणी झाली, सोसायटीला नोटीस निघाली आणि ब्लोअर सुरू झाला. तो सुरू राहावा म्हणून आपटे रोज सकाळी फिरायला निघाले की आधी तळघरात डोकावून यायचे. सोसायटीतली निम्मी माणसं त्यांच्याशी बोलत नव्हती. एकदा मी त्यांना विचारलं, “त्रास होत नाही का?” ते म्हणाले, “होतो ना. लिफ्टमध्ये फार होतो. आता जिन्याने जातो. गुडघ्यांना वाईट, पण शांतता असते.”

तात्यांनी खोल्यांच्या संडासाला टाकी बांधली. चांगली बांधली, मला हाताला धरून नेऊन दाखवली. नंतर वर्ष-दीड वर्षात ती सगळी जमीनच त्यांनी बिल्डरला दिली. खोल्या गेल्या, टाकी गेली, ऊसही गेला. “पोरं शेती करीत न्हायती, बाई. मी काय करू?”

वस्तीची विहीर बंद झाली. तिच्यावर जाळी बसवली. नळाचं पाणी मात्र आलं, आणि ते आलं ते संध्याच्या त्याच अर्जांमुळे, असं वस्तीत सगळे मानतात.

आणि ओढा? त्याला दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती घातल्या आणि वरून स्लॅब टाकला. आता त्यावरून रस्ता जातो. दुचाक्या लावलेल्या असतात, एक वडापावची गाडी असते. खालून पाणी वाहतं, ते स्वच्छ आहे की नाही हे बघायची सोय राहिलेली नाही, त्यामुळे भांडणंही थांबली आहेत. नावाचा प्रश्नही आपोआप मिटला. आता सगळेच त्याला नाला म्हणतात.

आमच्या संस्थेच्या अहवालात लिहिलं गेलं की तीन समाजघटकांपर्यंत पोचण्यात यश आलं. फोटो लावला तो विहारातला पहिला, सगळे हसतानाचा. शीतलच्या बाळाबद्दल लिहायला त्या साच्यात जागा नव्हती. मी सुचवून पाहिलं. वरिष्ठ म्हणाल्या, “आपला विषय साक्षरता आहे ना?” त्यांचंही बरोबरच होतं, त्यांच्या परीने.

मी निवृत्त झाले तेव्हा संस्थेने मला तुळशीचं रोप आणि शाल दिली. भाषणांत म्हणाले, मॅडमनी हजारो लोकांना जागं केलं. मी खुर्चीवर बसून विचार करत होते की झोपलेलं असं मला कोण भेटलं? तात्या जागे होते. आपटे जागे होते. वारज्याच्या त्या बाईही टक्क जाग्या होत्या. मी ज्यांना शिकवलं त्यांतल्या बहुतेकांना ठाऊकच होतं. आयुष्यात एकदाच मी तोंड बंद ठेवून माणसांबरोबर उतार चढले, आणि ती कल्पनाही माझी नव्हती.

संध्याचा मधून मधून फोन येतो. ती मुलांना घेऊन ठिकठिकाणचं पाणी तपासते, मला सांगते, “मॅडम, या ना एकदा कॉलेजवर.” मी गुडघ्यांचं कारण देते. खरं कारण गुडघे नाही, पण तिने ते मानल्यासारखं केलंय.

यंदा मात्र गेले. कॉलेजवर नाही, वस्तीत. शीतलला पुन्हा दिवस गेले होते, सातवा सरत आला होता, आणि घरच्यांनी ओटीभरणाला बोलावलं होतं. घर आता पक्कं झालंय. स्वयंपाकघरात ओट्यावर नळ आहे, स्टीलचा, चकचकीत. बायकांची गडबड चालली होती. आपटेही येऊन गेले म्हणे, फळांची पिशवी देऊन, न बसता.

जेवणं झाल्यावर शीतल माझ्याजवळ येऊन बसली. हिरवी साडी, हातभर बांगड्या, चेहरा जरा सुजलेला. इकडचं तिकडचं बोलली. मग आवाज खाली आणून विचारलं, “मॅडम, एक विचारायचं होतं. संध्याताई म्हणतात, नळाचं पाणी त्यांनी स्वतः तपासलंय, चांगलं आहे, तसंच प्यायलं तरी चालतं. घरात सगळे तसंच पितात आता. मी एकटी उकळून पिते. हसतात मला. तुम्ही सांगा, उकळायची गरज आहे का?”

संध्याने मलाही ते रिपोर्ट पाठवले होते. पाणी चांगलं होतं. तिच्या तपासणीवर शंका घ्यायला जागा नव्हती, आणि विनाकारण गॅस जाळू नका, हे मी स्वतः किती तरी ठिकाणी तक्ता लावून सांगितलेलं आहे. शीतल माझ्याकडे बघत होती. एक हात पोटावर होता.

“उकळ,” मी म्हणाले.